कोकणातली पोरं, मनीऑर्डर आणि किशोर कादंबरी : थोडी पार्श्वभूमी

सध्या दहावी-अकरावीतली पोरं मोबाईलवर इंग्रजी यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्या वाचत बसतात, म्हणजे आई नाहीतर बाप गेलेला, घर विस्कटलेलं, आपण नक्की कोण हेच न कळणारा सोळा वर्षांचा हिरो किंवा हिरॉईन असा सगळा मामला, आणि मग घरातली मोठी माणसं म्हणतात की ही अमेरिकन फॅडं, आपल्याकडे असलं काही नव्हतं. नव्हतं कसं? चांगलं होतं की. त्यातलं बरंचसं तर आपल्या कोकणातच घडलेलं, फक्त कपाटाच्या भलत्याच खणात ठेवलेलं.

अमेरिकेचं आधी पटकन उरकतो. १९५१ ची 'द कॅचर इन द राय' लिहिली मोठ्यांसाठी, पण पळवली पोरांनी. पुढे १९६७ मध्ये 'द आउटसायडर्स' आली, आईबाप अपघातात गेलेल्या तीन भावांची गोष्ट, आणि ती लिहिणारी एस. ई. हिंटन तेव्हा स्वतःच जेमतेम अठराची होती. पुस्तक मुलीनं लिहिलंय हे पटकन कळू नये म्हणून कव्हरवर नुसती आद्याक्षरं. १९७७ च्या 'ब्रिज टू टेराबिथिया'त जिवलग मैत्रीणच मरते आणि मुलाला ते पचवावं लागतं. तिथून पुढे प्रकाशकांनी या पुस्तकांचा वेगळा बाजारच उभा केला, आणि २००० पासून तर त्यांना स्वतंत्र प्रिंट्झ पुरस्कारही आहे.

आता पालगडला येऊ, दापोली तालुक्यातलं पालगड. साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बराचसा भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिला, पुस्तक आलं १९३५ ला, आणि तेव्हापासून ते संस्कारांचं पुस्तक म्हणून स्नेहसंमेलनात बक्षीस द्यायच्या गठ्ठ्यात जाऊन बसलंय. पण एकदा संस्कार बाजूला ठेवून वाचा ना. खोताचं घराणं कर्जात बुडतंय, सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो आणि आईला नाही नाही ते ऐकवतो, जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते आणि त्यावरून शाळेत धाकट्या भावाला पोरं चिडवतात. श्याम स्वतः काही गुणी बाळ वगैरे नाहीये, पोहायला घाबरून लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. घरात परवडत नाही म्हणून शिकायला लांब जावं लागतं आणि आई जाते तेव्हा हा घरी नसतो, येईपर्यंत सगळं संपलेलं. कुटुंब, मृत्यू, आणि आता आपण कोणाचे हा प्रश्न, आजच्या कुठल्याही यंग अ‍ॅडल्ट पुस्तकाच्या पाठीवर छापतात तेच. अत्र्यांच्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि मग तर आईचं देवपण एवढं मोठं झालं की पोराचं दुःख मागेच पडलं, असं आपलं माझं मत.

हे कोकणातूनच का आलं याला कारण आहे. रत्नागिरी जिल्हा म्हणजे मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा, तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच, तो वेगळा झाला १९८१ ला. बाप मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, गणपतीला आणि शिमग्याला येणार, चार दिवस राहणार, परत जाणार. घरात आई, आजी आणि पोरं. पोस्टमन आला की आईचा अंगठा नाहीतर सही, आणि मनीऑर्डरीच्या कुपनावर बापानं लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचं काम शाळेत जाणाऱ्या पोराचं, म्हणजे बापाचं बोलणं आईपर्यंत पोराच्या तोंडूनच पोचायचं. बाप जिवंत असूनही नसणं काय असतं हे इथल्या पोरांना कोणी समजावून सांगायला लागलं नाही.

कादंबऱ्यांमध्ये हे सगळं आलं, पण मोठ्यांच्या. श्री. ना. पेंडसेही दापोली तालुक्यातलेच, मुर्डीचे, त्यांच्या 'रथचक्र'मध्ये नवरा परागंदा झालेली बाई पोरांच्या शिक्षणासाठी सासरच्या घराशी झगडते, १९६३ चं साहित्य अकादमी मिळालं त्याला. गोनीदांची 'शितू' तर बालविधवा, पांढऱ्या पायाची म्हणून गावानं हिणवलेली, आज छापली असती तर सरळ टीनएज मुलींसाठी म्हणून विकली असती. आमच्याकडे मात्र ही पुस्तकं शाळेच्या नव्हे तर गावातल्या वाचनालयात, तीही मोठ्यांच्या कार्डावर.

शाळेच्या कपाटात मग काय असायचं? डांबरगोळ्यांचा वास, पावसाळ्यात पानांना धरलेली बुरशी, खाकी कव्हरं आणि धाडसकथा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घर सोडून पुण्यात शिकतो पण त्याला घरची आठवण काढायला वेळच नाही, चोर पकडायचे असतात (तक्रार नाही हां, मीही फडशा पाडलाय). ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अनाथ, पण पुस्तकाचा सूर हसरा. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीचं 'किशोर' मासिक सुरू झालं आणि खेडोपाडी या वयासाठी निदान दर महिन्याला काहीतरी यायला लागलं.

खरा बदल नव्वदनंतर. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'मधून १९९४ ला आला, आईवडिलांपासून लांब बेळगावकडच्या गावी आजीजवळ वाढणारा, आणि चौथ्या पुस्तकाच्या, 'झुंबर'च्या शेवटाकडे वडिलांचं जाणं येतं तेव्हा उपदेशाचं एक वाक्य नाही. मग २००४ ला मिलिंद बोकिलांची 'शाळा', आणीबाणीतली नववी. पोरगी गाव सोडून जाते एवढंच नुकसान, पण चौदाव्या वर्षी ते केवढं असतं ते त्यात आहे. गंमत म्हणजे ही दोन्हीही तशी मोठ्यांसाठीच आलेली, पोरांनी आपली आपण उचलली.

मुलींचं अजून वेगळं. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं, ते आत्मकथन आहे, कादंबरी नाही, पण डोक्यावर भारे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, लहानपणीच गेलेले वडील, आयदानं म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं विणून घर ओढणारी आई आणि शाळेत पावलोपावली आठवण करून दिली जाणारी जात, हे सगळं आठवी-नववीच्या मुलीला वाचायला द्यायला काय हरकत आहे मला कळत नाही. ओळख म्हणजे काय हे यापेक्षा सरळ कुठे सांगितलंय?

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, कित्येक बाप रिकाम्या हातानं गावी परतले आणि मनीऑर्डरी थांबल्या, त्यावर जयंत पवारांचं 'अधांतर' नाटक झालं, सिनेमे झाले. पण वर्षानुवर्षं फक्त गणपतीला दिसणारा बाप एकदम कायमचा ओटीवर येऊन बसल्यावर पंधरा वर्षांच्या पोराचं काय झालं, हे पोरांसाठी म्हणून फारच कमी लिहिलं गेलं. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली, तेव्हाची पोरं आता वीस-बावीसची झालीत, लिहायच्या वयाची. तोपर्यंत ज्यांना जुनं बघायचंय त्यांच्यासाठी, 'किशोर'चे पहिल्यापासूनचे अंक बालभारतीनं ऑनलाइन फुकट ठेवलेत.