पाण्याखाली झुकलेला तलाव

उन्हाळ्यात मोठे मासे सर्वांत खोल पाण्यात जाऊन बसतात, म्हणून गळाला जड शिसे बांधून तो थेट तळापर्यंत सोडावा, असा सल्ला गोड्या पाण्यातील मासेमारीला निघालेल्या माणसाला कोणी ना कोणी देतोच. हा सल्ला अर्धा खरा आहे, कारण मासा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याला शरीराचे तापमान बदलायचे तर जागाच बदलावी लागते. मात्र माशाला श्वासही घ्यावा लागतो, याचा त्यात विसर पडलेला आहे. खोल तलावाच्या तळाशी उन्हाळा सरता सरता पुष्कळदा प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो आणि तिथे सोडलेले आमिष दिवसभर तसेच लोंबकळत राहते. म्हणून सहलीची आखणी करताना कोणत्या तलावावर जायचे यापेक्षा आमिष किती खोलीवर ठेवायचे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, हे आपण शाळेत शिकतो. त्यापुढची गंमत अशी की पाणी जितके गरम, तितकी पुढच्या प्रत्येक अंशाला त्याची घनता अधिक वेगाने घटते. ४ वरून ५ अंशांवर जाताना एका घनमीटर पाण्याचे वस्तुमान जेमतेम ८ ग्रॅमने कमी होते, तर २४ वरून २५ अंशांवर जाताना ते सुमारे २५० ग्रॅमने कमी होते. त्यामुळे उन्हाने तापलेले पाणी खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहते आणि वारा ते एका मर्यादेपर्यंतच ढवळू शकतो. वरचा गरम थर आणि खालचा थंड थर यांच्यामध्ये तापमान झपाट्याने उतरणारा जो पट्टा तयार होतो, त्याला अमेरिकन संशोधक एडवर्ड बर्ज यांनी १८९७ मध्ये ‘थर्मोक्लाइन’ हे नाव दिले. दर मीटरला किमान एक अंशाचा उतार, ही त्याची जुनी आणि अजूनही सोयीची खूण आहे.

थर्मोक्लाइन हे एक प्रकारचे झाकणच असते. निश्चल पाण्यात प्राणवायूचे विसरण इतके संथ असते की केवळ त्याच्या भरवशावर एक मीटर अंतर कापायला काही वर्षे लागतील. आणि झाकणाखालचे जीवाणू तर वरून पडणारे शेवाळ आणि पालापाचोळा कुजवत असलेला प्राणवायू रोज वापरत असतात. वरच्या थरातही सगळे सुखाचे नसते. संपृक्त पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साधारण ७.६ मिलिग्रॅमच, उलट माशाची प्राणवायूची गरज दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होते. ट्राउटसारखा थंड पाण्याचा मासा अशा वेळी वरची उष्णता आणि खालची घुसमट यांच्यामधल्या काही मीटरच्या पट्टीत अडकतो. मरळ हा याला सणसणीत अपवाद आहे, कारण तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो.

इथपर्यंतचे चित्र स्थिर तलावाचे झाले. खरी मौज वारा सुटल्यावर सुरू होते. पश्चिमेकडून वारा सतत वाहू लागला की वरचे पाणी पूर्व किनाऱ्याकडे ढकलले जाते आणि तिथली पातळी, समजा, एका सेंटिमीटरने चढते. या जादा पाण्याचा दाब खालच्या थंड थरावर पडतो आणि तो थर पश्चिमेकडे सरकू लागतो. वरचे पाणी २२ आणि खालचे ८ अंशांचे असेल, तर दोहोंच्या घनतेत अवघा ०.२ टक्के फरक असतो; साहजिकच पृष्ठभागावरच्या एका सेंटिमीटरचा तोल सावरायला थरांची सीमा जवळजवळ पाचशे पट, म्हणजे सुमारे ५ मीटर, खाली जावी लागते. थर्मोक्लाइन मुळात ७ मीटरवर असेल, तर पूर्वेला ती १२ मीटरवर जाते आणि पश्चिमेला तितकीच वर उचलली गेल्यास २ मीटरवर येते. आता दोन्ही किनाऱ्यांवर ६ मीटर खोल गळ सोडून पाहा: पूर्वेचा गळ गरम, प्राणवायूयुक्त पाण्यात असेल, तर पश्चिमेचा थंड आणि कदाचित निर्जीव पाण्यात. पृष्ठभागाकडे पाहून मात्र काठावरच्या माणसाला यातले काहीही दिसत नाही. वारा थांबला की ही सीमा सी-सॉसारखी हेलकावे खाऊ लागते आणि तलावाच्या आकारानुसार ते हेलकावे काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकतात. स्कॉटलंडच्या लॉख नेसमध्ये ते विसाव्या शतकाच्या आरंभीच मोजले गेले होते. काल लाभलेली जागा आज रिकामी निघते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

हवेचा दाब उतरला की मासे अस्वस्थ होतात, असे सांगणाऱ्या मोबाइल अ‍ॅपविषयी म्हणूनच थोडे साशंक राहावे. हवामान बिघडताना दाबात २० हेक्टोपास्कलचा फरक पडला, तर तो २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका असतो आणि मासा एका शेपटीच्या फटक्यात तेवढा वरखाली होतो. बिघडत्या हवेबरोबर येणारा वारा आणि ढग यांचा परिणाम मात्र खरा असतो. चंद्राच्या ओढीवर आधारलेल्या मुहूर्तांविषयी एवढेच सांगतो की उत्तर अमेरिकेच्या अवाढव्य ‘ग्रेट लेक्स’मध्येसुद्धा भरती-ओहोटीचा फरक ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असतो.

परवाना आणि विणीच्या काळातील बंदी यांची चौकशी अर्थातच आधी करावी. सामानात लांब वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्यावा, गेल्या दोन दिवसांत वारा कोणत्या दिशेने वाहिला ते पाहून ठेवावे आणि पोहोचल्यावर दर मीटरला तापमान मोजून उतार कुठे सुरू होतो ते शोधावे. पहिले आमिष त्याच्या किंचित वर सोडावे. धरणाच्या जलाशयात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खालच्या दारांतून पाणी सोडले जात असेल, तर थंड थर तळातूनच उपसला जातो आणि थर्मोक्लाइन आठवड्यागणिक खाली सरकते, त्यामुळे मागच्या सहलीत टिपलेली खोली या वेळी उपयोगाची राहत नाही. धरणाच्या खालच्या बाजूला उभे राहायचे असेल, तर पाणी सोडण्याच्या वेळा माहीत असल्याशिवाय पात्रात उतरू नये.

हवा गार होऊ लागली की वरचे पाणी थंड आणि जड होऊन खाली बुडते, झाकण विरते आणि वारा सगळा तलाव तळापासून ढवळून काढतो. सुरुवातीचे काही दिवस तळाचे निकस पाणी वर मिसळल्याने मासे मंदावतात. पण पुढे प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो आणि उन्हाळ्यात फसलेला तो जड शिशाचा सल्ला लागू पडू लागतो.