तेल कशात भरता? घाण्यावरून तेल नेताना हे एकदा वाचा

नमस्कार मंडळी, आपल्या घाण्यावर येणारे बरेच जण विचारतात की तेल शुद्ध आहे ना, भेसळ नाही ना, आणि विचारायलाच पाहिजे, पण ते तेल कशातून येतं आणि कशात भरलं जातं हे फारसं कोणी विचारत नाही. आमचंही आधी तिकडे लक्ष नव्हतं, हे खरं सांगतो.

टाकीपासून बाटल्या भरायच्या नळापर्यंत आमच्याकडे एक पारदर्शक नळी होती, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते ती. नवीन असताना बोटाला गुंडाळता येईल एवढी मऊ. काही महिन्यांनी काढली तर पिवळट आणि कडक, वाकवली की चिरा पडायला लागल्या, आणि त्याच नळीचा उरलेला तुकडा मागे पाण्याच्या पिंपाला लावला होता तो मात्र अजून मऊच. मग चौकशी केली तेव्हा कळलं की ही नळी पीव्हीसीची, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं, बाथरूमच्या पाइपासारखं, ते मऊ करायला त्यात बहुतेक वेळा थॅलेट गटातली रसायनं घालतात. ती प्लास्टिकला पक्की चिकटलेली नसतात, नुसती आत मुरलेली असतात, आणि पाण्यापेक्षा तेलात फार सहज उतरतात. म्हणजे नळीचा मऊपणा गेला कुठे, तर तेलात. त्याच दिवशी ती फेकली, आता टाकीपासून नळापर्यंत सगळं स्टीलचं आहे, येऊन बघू शकता.

ही रसायनं तेलात विरघळलेली असतात त्यामुळे कापडाने गाळा नाहीतर चार दिवस गाळ बसू द्या, निघत नाहीत. वास नाही चव नाही, लॅबमध्येच कळतं. यातलं डीईएचपी नावाचं रसायन हॉर्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतं म्हणून लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या बाबतीत जास्त जपायचं. एका चमच्याने कोणी आजारी पडत नाही, पण तेल रोज दोन्ही वेळेला पोटात जातं ना. एफएसएसएआय म्हणजे देशातल्या अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमात पॅकिंगमधून अन्नात उतरणाऱ्या सगळ्या गोष्टी मिळून किलोला 60 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि एकट्या डीईएचपीला 1.5 मिलिग्रॅमची, यावरूनच समजा.

आमच्या बाटल्या पेट (PET) नावाच्या प्लास्टिकच्या आहेत, खाली त्रिकोणात 1 आकडा दिसेल. पेटला मऊ करायला थॅलेट लागत नाही, 3 आकडा म्हणजे पीव्हीसी, तो तेलासाठी नको. तरी पेटची बाटलीसुद्धा गॅसच्या शेजारी किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. उष्णतेने प्लास्टिकमधलं उतरणं वाढतं आणि तेलही लवकर खवट होतं. घरी नेल्यावर स्टीलच्या डब्यात नाहीतर काचेच्या बरणीत ओतून घेतलं तर सगळ्यात उत्तम.

सगळ्यात जास्त जपायचं ते गरम तेलाला. भजी-पुऱ्या झाल्या की कढईतलं तेल गरम असतानाच प्लास्टिकच्या गाळणीतून प्लास्टिकच्या डब्यात ओतायची सवय खूप घरात आहे, तेवढी कृपा करून सोडा, स्टीलची गाळणी घ्या. लोणच्याचंही तसंच, वर बोटभर तेल, आत मीठ आणि आंबटपणा, आणि ते वर्षभर तसंच मुरणार, त्याला चिनीमातीची किंवा काचेची बरणीच पाहिजे.

आणि जे स्वतःचे शेंगदाणे, करडई, तीळ गाळून न्यायला आणतात त्यांना एक विनंती, कुठलातरी जुना कॅन धुऊन आणू नका, त्यात आधी काय होतं ते कळत नाही, फिनेलचा वास येणारे कॅनसुद्धा आमच्याकडे आलेत आणि आम्ही ते परत पाठवलेत. स्टीलची किटली आणा, झाकण घट्ट बसणारी, रिकाम्या किटलीचं वजन आधी तुमच्यासमोर करून घेतो. आणायची राहिली तर तेल आमच्या स्टीलच्या टाकीत तुमच्या नावाची चिठ्ठी लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.