बिझनेस लॉजिकचे स्थान

बिझनेस लॉजिकचे स्थान : (सॉफ्टवेअर रचना). व्यवहाराचे नियम डेटाबेसमध्ये लिहावेत, ऑब्जेक्टमध्ये (माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या घटकात) लिहावेत की दोहोंमधल्या सेवास्तरात, हा रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवणाऱ्या, डेटाबेसवर चालणाऱ्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरमधील जुना वाद. थकलेल्या हप्त्यावरचा दंड, ठेवीवरचे व्याज, खात्याची शिल्लक उणे होऊ न देणे, हे असे नियम म्हणजेच बिझनेस लॉजिक. ‘व्यवसायतर्क’ हा प्रतिशब्द सुचवता येतो. व्यवहारात तो कोणी वापरत नाही.

वादाची मुळे दोन परंपरांत आहेत. आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले. माहिती ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमपासून स्वतंत्र राहावी, हा त्याचा गाभा. 1985 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नियमांपैकी दहावा तर स्पष्टच सांगतो : माहितीच्या अचूकतेची बंधने प्रोग्रॅममध्ये नव्हे, डेटाबेसच्या सूचीत (कॅटलॉगमध्ये) असावीत. याउलट नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगोर यांनी 1960 च्या दशकात घडवलेली सिम्युला आणि पुढे झेरॉक्सच्या पार्क संशोधनकेंद्रातील स्मॉलटॉक या भाषांनी माहिती व तिच्यावरील क्रिया एकाच ऑब्जेक्टमध्ये बांधल्या. दोन परंपरांमधील या विसंगतीला विद्युत अभियांत्रिकीतून उसना घेतलेला ‘इंपीडन्स मिसमॅच’ हा शब्द बहुधा 1980 च्या दशकात चिकटला. त्याचे श्रेय पुष्कळदा जॉर्ज कोपलँड व डेव्हिड मायर यांच्या 1984 मधील निबंधाला दिले जाते. तथापि त्या निबंधाचा विषय स्मॉलटॉकलाच डेटाबेसचे रूप देणे हा होता. नियमांच्या जागेचा वाद शब्दापेक्षा साधनांमुळे पेटला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते : सायबेस या डेटाबेसने 1980 च्या दशकाअखेरीस आणि ओरॅकल या डेटाबेसने सातव्या आवृत्तीत (1992) स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम) व ट्रिगर (माहिती बदलताच आपोआप चालणारा प्रोग्रॅम) दिले आणि नियम लिहायला प्रथमच दुसरी सोयीची जागा मिळाली.

सॉफ्टवेअर-लेखक मार्टिन फाउलर यांनी 2002 मध्ये या रचनांना नावे दिली : प्रत्येक व्यवहारासाठी एक सरळ कार्यपद्धती म्हणजे ‘ट्रान्झॅक्शन स्क्रिप्ट’, नियम ऑब्जेक्टांत विखुरलेले असतील तर ‘डोमेन मॉडेल’ (डोमेन म्हणजे व्यवसायाचे क्षेत्र). नुसते गेटर-सेटर (मूल्य वाचण्या-लिहिण्याच्या क्रिया) असलेल्या, नियमशून्य ऑब्जेक्टांना त्यांनी 2003 मध्ये ‘ॲनिमिक’, म्हणजे पंडुरोगी, म्हटले. एरिक एव्हान्स यांची डोमेनकेंद्री मांडणी त्याच वर्षीची. 2004 मध्ये आलेल्या रुबी ऑन रेल्स (रेल्स) या वेब-सॉफ्टवेअरच्या चौकटीने डेटाबेसला केवळ साठ्याची जागा दिली.

तांत्रिकदृष्ट्या निर्णायक मुद्दा एकाच वेळी चालणाऱ्या व्यवहारांचा आहे. खात्यात 1,000 रुपये आहेत आणि 800 रुपये काढण्याच्या दोन विनंत्या एकदम आल्या. दोन्ही ऑब्जेक्ट शिल्लक वाचतात, दोघांचीही तपासणी उत्तीर्ण होते, दोघेही 200 ही नवी शिल्लक लिहितात. 1,600 रुपये बाहेर गेले तरी खात्यात 200 दिसतात. शिल्लक उणे नको, असे चेक-बंधन टेबलावर असले तरी ही चूक पकडली जात नाही, कारण 200 हा आकडा वैधच आहे. ‘आहे त्यातून 800 वजा कर’ असा अपडेट थेट डेटाबेसला दिला, तर दुसरा व्यवहार ओळीच्या लॉकवर (पहिला व्यवहार संपेपर्यंत ती ओळ बदलू न देणाऱ्या कुलपावर) थांबतो आणि मग बंधनाला अडतो. नाहीतर ओळीचा, प्रत्येक बदलागणिक वाढणारा आवृत्तिक्रमांक तपासावा किंवा वाचतानाच लॉक घ्यावा. अनन्यतेचेही (एकच मूल्य दोनदा न येण्याचेही) तसेच : रेल्समधील अनन्यतेची तपासणी पुरेशी नाही, डेटाबेसमध्ये पुनरावृत्ती नाकारणारा युनिक इंडेक्स हवाच, हे त्याच्या दस्तऐवजांतच नमूद आहे. म्हणून सामायिक माहितीवरची बंधने डेटाबेसमध्ये आणि बदलते निर्णयनियम ऑब्जेक्टमध्ये, ही वाटणी सर्वाधिक टिकाऊ दिसते. नियम दोन्हीकडे लिहिला गेला तर ती पुनरुक्ती सहन करावी. स्क्रीनवरची तपासणी माणसाला नीट संदेश देण्यासाठी, डेटाबेसमधली माहितीच्या रक्षणासाठी.

अर्थात एका डेटाबेसचे मालक किती, यावरही उत्तर बदलते. एकच ॲप्लिकेशन असेल तर नियम त्यात सुखाने राहतात. शाखेची प्रणाली, रात्री एकगठ्ठा चालणारी कामे (बॅच) आणि अहवालांचे साधन हे सगळे तेच टेबल वापरत असतील, तर स्टोअर्ड प्रोसिजरचे समर्थक बरोबर ठरतात. लाखो खात्यांवर व्याज चढवतानाही एकेक ऑब्जेक्ट मेमरीत आणण्यापेक्षा एक एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) अपडेट बहुधा कितीतरी वेगवान असतो. प्रोसिजरविरुद्धचे आक्षेप मुख्यतः चाचणी, आवृत्तिनियंत्रण (कोडमधील बदलांची नोंद) व एका विक्रेत्याशी बांधले जाणे यांविषयी आहेत. त्यांतले पहिले दोन आता बरेच सौम्य झाले आहेत. पीएल-एसक्यूएल या ओरॅकलच्या प्रोसिजर-भाषेतील जुने काम दुसऱ्या डेटाबेसवर नेणे मात्र अजूनही कष्टाचेच आहे.