६२०५ च्या शेपटीची गोष्ट

बेअरिंग बदलायची वेळ आली की आकड्यापाशी सहसा कोणी अडत नाही. ६२०५ म्हटलं की मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो की पुण्याजवळची भोसरी, भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५ हे काउंटरवरच्या नव्या पोरालाही पाठ असतं. अडतं ते आकड्यानंतरच्या अक्षरांपाशी. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टूआरएस आणि डीडीयू म्हणजे रबर सील, सी-३ ही आतल्या मोकळिकीची खूण. मापात चोख बसलेलं बेअरिंग दोन महिन्यांत ओरडायला लागतं, तेव्हा बहुतेक वेळा चूक या शेपटीत असते. ही शेपटी का वाढली आणि वाचायची का राहिली, ते मागे गेल्याशिवाय कळत नाही.

बेअरिंगमधले सगळे छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, एकाच मापाचे घासणारं यंत्र जर्मनीत श्वाइनफुर्टला १८८३ मध्ये बनलं आणि धंदा उभा राहिला. पुढच्या काही दशकांत भोक, व्यास, रुंदी यांचे तक्ते जगभर एक झाले. म्हणूनच जपानी बेअरिंगच्या जागी स्वीडिश बसतं. पण एकमत झालं ते मुख्यतः बाहेरच्या मापांवर. सील, केज (छर्रे अंतरावर धरणारा पिंजरा), ग्रीस यांची अक्षरं ज्याची त्याने ठरवली. रबर सीललाच एक कंपनी टूआरएस म्हणते, दुसरी डीडीयू, तिसरी एलएलयू.

आपल्याकडे त्याआधीचा एक गुंता इंचाचा होता. मुंबईच्या गिरण्यांत इंग्लंडहून आलेली यंत्रं इंची बेअरिंगवर चालायची. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे ६२०५ त्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, चढतच नाही. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, शाफ्ट मात्र इंचीच राहिले. मग शाफ्ट घासून २५ चा करायचा, हाउसिंगला (बेअरिंग बसतं त्या घराला) बुश मारायचा, असं चालायचं. जुन्या यंत्राचं बेअरिंग शोधताना आजही आधी व्हर्नियर लावून माप घ्यावं ते यासाठी. घासलेल्या शाफ्टवर मूळ ड्रॉइंगमधला नंबर चालत नाही.

मग बेअरिंग इथेच बनू लागली: जयपूरच्या कारखान्याची कंपनी १९४६ ची. चिंचवड आणि बडोद्याचे कारखाने साठच्या दशकातले. रोजच्या मापांची सोय झाली, पण वेगळ्या मापाला आयात परवाना लागायचा, आणि तो येईपर्यंत मशीन उभं. त्या टंचाईने आमच्या पिढीला एक सवय लावली: मिळेल ते घ्या, नंबर जुळला ना, मग बसवा. शेपटी बघायची चैन नव्हती. १९९१ नंतर आयात सुटली, एकाच ६२०५ चे दहा प्रकार रॅकवर आले, सवय मात्र गेली नाही. सर्वांत मोठा घोळ झाला तो सी-३ चा.

सी-३ ही नेहमीपेक्षा जास्त प्लेची खूण; प्ले म्हणजे छर्रे आणि दोन रिंगा यांच्यातली मोकळीक. २५ च्या भोकाला साध्या बेअरिंगमध्ये ती ५ ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, सी-३ मध्ये १३ ते २८. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणजे १५ मायक्रॉनचं बेअरिंग दोन्हीकडे पास होतं. दर्जाचा इथे काही संबंध नाही, अचूकतेच्या खुणा वेगळ्या असतात. पण साध्या मोकळिकीला खूणच लिहीत नाहीत. कोरं बेअरिंग आणि सी-३ लिहिलेलं बेअरिंग शेजारी ठेवलं की गिऱ्हाइकाला लिहिलेलं भारी वाटतं. 'साधं नको, सी-थ्री दे' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय.

मोटरवाल्यांनी सी-३ घेतलं त्याला कारण होतं. शाफ्ट बेअरिंगच्या भोकापेक्षा किंचित जाड ठेवतात. नेहमीच्या फिटमध्ये २५ चा शाफ्ट २ ते ११ मायक्रॉन वर, आणि बेअरिंगचं भोक १० मायक्रॉनपर्यंत खाली असू शकतं. वाईट जोडी जमली तर २१ मायक्रॉनचा टाइटपणा. आतली रिंग फुगते आणि त्यातला बराचसा भाग प्लेमधून वजा होतो. शिवाय मोटरीचा फिरणारा भाग, रोटर, तापतो. आतली रिंग बाहेरच्या रिंगेपेक्षा १० अंश गरम झाली की आणखी ५ मायक्रॉनच्या आसपास गेले. साध्या बेअरिंगमध्ये मग उरतं काय? असं दाबलेलं बेअरिंग कापून पाहिलं तर छर्ऱ्यांची वाट दोन्ही रिंगांत पूर्ण वर्तुळभर रुंद उमटलेली असते, रिंग पिवळी-निळी पडलेली, ग्रीस काळं कोळशासारखं.

पण हे गरम मोटरीचं गणित आहे. नव्वदच्या दशकात मी पाहिलेल्या बहुतेक स्टोअरांनी आणि दुकानांनी एक निर्णय घेतला: दोन साठे कशाला, सगळं सी-३ च ठेवू. रॅक अर्धा झाला, पैसा कमी अडकला. परचेसच्या बाजूने त्यात तथ्य होतं हे मी मानतो. फिटरच्या बाजूने तो निर्णय चुकला असं माझं ठाम मत आहे. हलक्या लोडचा, थंड चालणारा पंखा, झिजून सैल झालेला शाफ्ट, आवाज चालत नाही अशी छोटी मोटर, इथे २८ मायक्रॉनमधलं फारसं काही वजा होत नाही. बेअरिंग घरघरतं आणि दोष कंपनीला जातो. जपान्यांनी मोटरींसाठी सीएम नावाची साध्याच पट्ट्यातली अरुंद मोकळीक काढली ती आवाजासाठीच. तिच्या जागी सी-३ देणारे 'एकच आहे' म्हणून देतात.

आयात खुली झाल्यावर नकली मालही वाढला. भंगारातली बेअरिंग पॉलिश करून, नवा शिक्का मारून, नव्या डब्यात येऊ लागली. डब्यावरची छपाई हल्ली हुबेहूब असते. त्यामुळे अधिकृत विक्रेत्याचं बिल, बेअरिंगवरचं कोरीव लिखाण आणि कंपनीकडून होणारी तपासणी यांवरच भरवसा ठेवावा लागतो.

त्याच काळात स्टोअरची कार्डं संगणकात गेली. आमच्याकडे ते काम ज्याने केलं त्याला बेअरिंगची ओळख नव्हती. ६२०५, ६२०५ झेडझेड आणि ६२०५ टूआरएस सी-३ या तीन कार्डांचा एकच कोड झाला: 'बॉल बेअरिंग ६२०५'. इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, त्याच कोडवर निघतं आणि सर्वांत कमी भावाचं येतं. गेल्या वर्षी आम्ही प्रत्येक मोटरीची नेमप्लेट वाचून कोड पुन्हा फोडायला घेतले. अर्ध्या पाट्यांवर रंग चढलाय, तो खरवडून नंबर उतरवायचं काम अजून चालू आहे.