फ्रॅग रॅक जितका वर, तितकी वाढ जास्त?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळाचे तुकडे वाढवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलाय: हे तुकडे, म्हणजे फ्रॅग, ठेवायचा रॅक पृष्ठभागाजवळ, ऐन दिव्याखाली लावला की वाढ झपाट्याने होते. तसं नाही.

प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढचा प्रकाश त्याला बाधतो; मग प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि तुकडा पांढराफटक पडतो. नुकताच कापलेला तुकडा तर आधीच जखमी. त्याला सुरुवातीला खाली, मंद उजेडात ठेवावं आणि काही आठवड्यांत हळूहळू वर आणावं. अ‍ॅक्रोपोरासारख्या जातींना शेवटी वरची जागा मानवते; मशरूम प्रवाळाला मात्र वर नेण्याच्या फंदात पडू नये.

म्हणूनच रॅक काचेला कायमचा चिकटवू नका, सरकवता येईल असा चुंबकावर बसवा. अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीला प्लगच्या (तुकडा चिकटवायच्या छोट्या बैठकीच्या) दांड्यापेक्षा किंचित मोठी भोकं पाडली की काम भागतं. खरी काळजी चुंबकाची. निओडिमियम चुंबकावरचा निकेलचा मुलामा खाऱ्या पाण्यात टिकत नाही, बारीकशा ओरखड्यातूनही गंज आत शिरतो. चुंबक सगळ्या बाजूंनी इपॉक्सीने बंद करून, ते पूर्ण कडक झाल्यावरच पाण्यात सोडा.