प्रोस्टेट कर्करोग : जगण्याचे प्रमाण

प्रोस्टेट कर्करोगाचे निदान झालेल्या पुरुषांपैकी ठरावीक मुदतीनंतर, बहुधा पाच वर्षांनंतर, शेकडा किती जण हयात असतात हे सांगणारा आकडा. दवाखान्यात त्याला ‘सर्व्हायव्हल रेट’ म्हणतात. निदान ऐकल्यावर घरचे लोक डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘किती वर्षं काढतील?’ असे विचारतात, तेव्हा उत्तरादाखल बहुतेक वेळा हाच आकडा दिला जातो. मात्र तो लोकसमूहाचा आकडा आहे, समोर बसलेल्या माणसाच्या आयुष्याचे भाकीत नव्हे. शिवाय इतर बहुतेक कर्करोगांपेक्षा या रोगात तो फसवा ठरण्याची शक्यता अधिक असते.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिला मराठीत अष्ठीला, पुरस्थ आणि पौरुष अशी नावे आढळतात. अष्ठीला म्हणजे गोल, कठीण दगड. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या विकाराच्या, प्रकारांत वाताष्ठीला येते : मूत्राशय आणि गुदमार्ग यांच्यामधली, दगडासारखी घट्ट, न हलणारी गाठ. जागेचे वर्णन या ग्रंथीशी जुळते, म्हणून परिभाषेत हा शब्द घेतला गेला. पण तेथे वाढलेली प्रोस्टेटच अभिप्रेत होती असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि कर्करोगाचा उल्लेख त्यात वाचणे तर ओढूनताणून होईल. सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या कर्करोगाचे वर्णन लंडनचे शल्यचिकित्सक जॉन अ‍ॅडम्स यांनी १८५३ मध्ये केले आणि हा रोग फार दुर्मिळ असल्याचे नमूद केले. बोलण्यात आज ‘प्रोस्टेट’ हाच शब्द रुळला आहे, म्हणून या नोंदीत तोच वापरला आहे.

गणना : नुसते हयात असलेले मोजले तर मिळते ते निरीक्षित प्रमाण. प्रोस्टेट कर्करोग मुख्यतः उतारवयातला, त्यामुळे अनेक रुग्ण हृदयविकाराने, पक्षाघाताने किंवा अन्य कारणाने जातात. त्या मृत्यूंचा भार कर्करोगावर पडू नये म्हणून सापेक्ष प्रमाण काढतात. समजा, निदानाच्या वेळी ७२ वर्षांचे असलेले १०० रुग्ण आहेत आणि पाच वर्षांनी त्यांतले ७८ हयात आहेत. त्याच वयाच्या, त्याच प्रदेशातल्या १०० सर्वसामान्य पुरुषांपैकी तेवढ्याच काळात ८० हयात राहिले असते, असे आयुर्मान सारणी सांगते. ७८ ला ८० ने भागले की सापेक्ष प्रमाण ९७.५ टक्के येते. याचा अर्थ ‘९७.५ टक्के रुग्ण हयात आहेत’ असा होत नाही. हयात ७८ च आहेत. वर्तमानपत्री मजकुरात नेमकी हीच गल्लत वारंवार होते.

पद्धतीची घडण टप्प्याटप्प्याने झाली. जोसेफ बर्कसन यांच्या १९४० च्या दशकातील कामात तिचे मूळ दाखवले जाते. एडरर, अ‍ॅक्स्टेल आणि कटलर यांच्या १९६१ मधील लेखाने तिला प्रमाणित रूप दिले. पुढचा वाद भागाकाराच्या छेदावर झाला. सर्वसामान्यांचे अपेक्षित जगणे किती काळापर्यंत आणि कोणत्या रुग्णांच्या जोडीने मोजायचे? एडरर यांच्या दोन पद्धती आणि हाकुलिनेन यांची १९८२ ची दुरुस्ती यांची उत्तरे दीर्घ मुदतीत वेगवेगळी निघतात, आणि रुग्ण जितके वृद्ध तितका फरक वाढतो. २०१२ मध्ये पोहार-पर्मे, स्टारे आणि एस्तेव यांनी या सर्व पद्धती ‘निव्वळ जगण्याचे’ प्रमाण, म्हणजे फक्त याच रोगाने मृत्यू येऊ शकला असता तर दिसले असते ते प्रमाण, अचूक देत नाहीत असे दाखवून नवी आकडेमोड सुचवली. आंतरराष्ट्रीय तुलनांत आता तीच वापरली जाते. पाच वर्षांपर्यंत पद्धत बदलल्याने निष्कर्ष सहसा उलटत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या आकड्यांत मात्र पद्धत कोणती हे आधी पाहिलेले बरे.

पाच वर्षांची मुदत : या मुदतीचा एकच जनक दाखवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ट फॉन फोल्कमान यांनी स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोग उलटला नाही तर रुग्ण बरा मानावा असा दंडक मांडला, आणि तो बराच काळ चालला. पाच वर्षांची मुदत १९२० आणि १९३० च्या दशकांत रूढ झालेली दिसते. राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील रेडियम उपचारांचे निकाल एकत्र करायला घेतले, त्यात हीच मुदत होती. त्या वार्षिक अहवालमालेचा पहिला खंड १९३७ मध्ये निघाला. शल्यचिकित्सकांच्या बैठकींतून ही मुदत पुढे आली असेही मांडले जाते. परंतु वेगवेगळ्या शहरांतल्या रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवण्याची गरज रेडियमच्या तुलनांमुळेच निर्माण झाली, हे लक्षात घेता पहिले मत अधिक पटते. कोणतेही मत धरले तरी ही मुदत स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांवरून आली. प्रोस्टेटसारख्या मंद रोगाचा विचार ती ठरवताना झालेला नव्हता.

मंद म्हणजे किती मंद, यावर दोन अभ्यास एकमेकांसमोर उभे आहेत. स्वीडनमधील ओरेब्रू येथे योहानसन आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीला कोणताही उपचार न घेतलेल्या, रोग प्राथमिक अवस्थेत असलेल्या २२३ पुरुषांचा सरासरी २१ वर्षे पाठपुरावा केला. २००४ च्या त्यांच्या अहवालानुसार पहिली पंधरा वर्षे बहुतेकांची शांततेत गेली; त्यानंतर मात्र या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे तिपटीने वाढला. अमेरिकेत कनेक्टिकटमधील ७६७ रुग्णांवरील अल्बर्टसेन यांच्या २००५ च्या अभ्यासात अशी वाढ दिसली नाही. तेथे जीव जाण्याचा धोका मुख्यतः गाठीच्या पेशींच्या उग्रतेवर ठरत होता. ओरेब्रूच्या अभ्यासात इतकी वर्षे उलटल्यावर उरलेले रुग्ण थोडे होते. त्यामुळे अल्बर्टसेन यांचा निष्कर्ष अधिक भक्कम वाटतो. निदानाच्या वेळी पंचावन्न-साठीत असलेल्या माणसाला मात्र योहानसन यांचा इशारा नजरेआड करून चालणार नाही, कारण त्याच्यापुढे पंधरा वर्षांहून अधिक आयुष्य असू शकते.

टप्प्यांनुसार आकडे : सर्वाधिक उद्धृत होणारे आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या, १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘सीअर’ या नोंदणी कार्यक्रमाचे आहेत. रोग ग्रंथीपुरता असेल किंवा लगतच्या भागापर्यंत, जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला असेल, तर पाच वर्षांचे सापेक्ष प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक येते. हाडे किंवा दूरच्या अवयवांपर्यंत पसरला असेल तर ते ३७ टक्क्यांच्या आसपास आहे. सर्व टप्पे मिळून ९७ टक्के. हा ९७ चा आकडा रुग्णाला सांगून काहीच साधत नाही. तो रोग कोणत्या टप्प्यावर आहे, हाच खरा प्रश्न असतो.

आकडा का फुगतो : १९५० ते १९९५ या काळात अमेरिकेत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ४३ वरून ९३ टक्क्यांवर गेले. त्याच काळात या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचा दर घटण्याऐवजी सुमारे १० टक्क्यांनी वाढला. हा विरोधाभास वेल्च, श्वार्ट्झ आणि वोलोशिन यांनी २००० मध्ये निदर्शनास आणला. वीस प्रकारच्या कर्करोगांत जगण्याच्या प्रमाणातील बदल आणि मृत्युदरातील बदल यांचा मेळ त्यांना आढळला नाही.

याची दोन कारणे आहेत. पहिले, निदान आधी होणे. समजा, एका माणसाला ७० व्या वर्षी लघवी अडकल्यामुळे आणि कंबर दुखू लागल्यामुळे रोग कळतो आणि ७३ व्या वर्षी तो जातो. पाच वर्षांच्या हिशोबात तो ‘वाचला नाही’. त्याच माणसाची ६४ व्या वर्षी रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन) तपासणी होऊन रोग कळला असता आणि तो ७३ व्या वर्षीच गेला असता, तर हिशोबात तो ‘वाचला’. आयुष्य एक दिवसानेही वाढले नाही, रोग माहीत असण्याची वर्षे तेवढी वाढली. पीएसए तपासणीमुळे निदान किती आधी होते याचे अंदाज पद्धतीनुसार साधारण ५ ते १२ वर्षे इतके निघतात. म्हणजे पाच वर्षांची सगळी खिडकीच त्यात सामावून जाते.

दुसरे कारण, एरवी कधीच त्रास न देणाऱ्या गाठी सापडणे. अन्य कारणाने मरण पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमध्ये कर्करोगाचे सुप्त केंद्र आढळते, हे १९३० च्या दशकापासून माहीत आहे, आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते. अशा गाठी जिवंतपणी शोधून त्यांना ‘रुग्ण’ म्हटले की छेदात न मरणारे लोक भरती होतात आणि प्रमाण वर चढते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पीएसए तपासणीला १९८६ मध्ये उपचारांच्या देखरेखीसाठी आणि १९९४ मध्ये रोग शोधण्यासाठी मान्यता दिली. प्रमाणाची मोठी उडी याच सुमारास दिसते.

या फुगवट्याचे जाहीर उदाहरण २००७ चे आहे. न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी ज्युलियानी यांना स्वतःला २००० मध्ये हा कर्करोग झाला होता. आपली वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के होती, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत ती ४४ टक्केच असती, असे त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या प्रचारात सांगितले. ४४ हा आकडा रुग्णांच्या पाठपुराव्यातून आलेलाच नव्हता. ब्रिटनमध्ये लाखामागे वर्षाला सुमारे ४९ निदाने आणि २८ मृत्यू, या दोन स्वतंत्र दरांच्या भागाकारातून तो काढला होता. अमेरिकेत निदाने त्याच्या जवळजवळ तिप्पट होती आणि मृत्यू लाखामागे सुमारे २६. म्हणजे या रोगाने मरण्याचा धोका दोन्ही देशांत जवळपास सारखाच होता.

म्हणून तपासणीचा खरा लाभ जगण्याच्या प्रमाणावरून नव्हे, तर मृत्युदरावरून मोजावा लागतो. असा लाभ आहे. युरोपातील मोठ्या यादृच्छिक चाचणीच्या २००९ च्या निकालात तपासणीच्या गटातील मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. पण एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांची तपासणी आणि ४८ जणांवर जादा उपचार लागत होते. पाठपुरावा लांबला तसा हा हिशोब सुधारला. अमेरिकेतही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर मृत्युदर बराच उतरला आहे. त्यातला किती वाटा तपासणीचा आणि किती उपचारांचा, यावर एकमत नाही.

आणखी एक बारकावा ग्लीसन गुणांकाचा. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली पेशींच्या उग्रतेची ही श्रेणी पुढे विकृतिशास्त्रज्ञ हळूहळू कडकपणे वाचू लागले. अल्बर्टसेन आणि सहकाऱ्यांनी १९९० ते १९९२ मधील काचपट्ट्या दशकभराने पुन्हा तपासायला दिल्या, तर त्याच काचपट्ट्यांना जास्त गुण मिळाले. सौम्य वर्गातले थोडे उग्र रुग्ण वरच्या वर्गात गेले की दोन्ही वर्गांचे निकाल सुधारलेले दिसतात. नुसत्या या फेरवाचनाने मृत्युदर सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचा भास झाला. जुन्या आणि नव्या काळातील एकाच गुणांकाच्या रुग्णांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

उपचारांशी संबंध : ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरता रोग असलेल्या १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार असे तीन गटांत वाटले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निकालात एकूण ३५६ मृत्यू झाले होते. त्यांतले प्रोस्टेट कर्करोगाचे फक्त ४५. या रोगाच्या मृत्यूंत तीन गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. रोग दूर पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, म्हणजे अन्य दोन गटांच्या जवळपास दुप्पट होते. निदानानंतर आठवडाभरात शस्त्रक्रिया उरकण्यासाठी घायकुतीला येणाऱ्या कुटुंबांनी हे आकडे शांतपणे वाचावेत. सौम्य रोगात विचार करायला वेळ असतो.

पसरलेल्या रोगात चित्र वेगळे. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलेला पुरुषी संप्रेरक रोखण्याचा मार्ग आजही उपचाराचा कणा आहे. त्याला सुरुवातीलाच डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाची जोड दिल्यास मध्यक जगणे ४४ महिन्यांवरून ५७.६ महिन्यांवर जाते, असे २०१५ मधील एका अमेरिकी चाचणीत आढळले. मध्यक ५७.६ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. पाच वर्षांचे प्रमाण आज छापले जाते ते काही वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचे असते, त्यामुळे नव्या औषधांचा परिणाम त्यात उशिरा उमटतो.

भारत आणि महाराष्ट्र : येथे पीएसएची सार्वत्रिक तपासणी नाही, रुग्णांचा मोठा भाग रोग पसरल्यावर येतो. त्यामुळे अमेरिकी ९७ टक्के येथे लावता येत नाहीत. कमी दिसणाऱ्या प्रमाणात उशिरा निदानाचा आणि उपचारांतल्या उणिवांचा वाटा वेगवेगळा करणे अवघड आहे. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही मुंबईत १९६३ मध्ये, तर पहिली ग्रामीण नोंदवही १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. दोन्हींचे आकडे आंतरराष्ट्रीय अभ्यासांत गेले आहेत. ग्रामीण नोंदवहीत प्रोस्टेटचे रुग्ण मोजकेच असल्याने तिथले प्रमाण काही मृत्यूंनीही वरखाली होते.

पाश्चात्त्य देशांत मृत्यूची नोंद आपोआप नोंदवहीशी जोडली जाते. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर कारण अनेकदा नसतेच. सापेक्ष प्रमाणाला कारण लागत नाही, एवढी सोय आहे. पण माणूस हयात आहे की नाही, हे तरी कळावे लागते. म्हणून कर्मचारी जन्ममृत्यूची नोंदपुस्तके चाळतात, पत्रे पाठवतात, शेवटी घरी जातात. पत्त्यावर घर बदललेले असते, मुलगा दुसऱ्या शहरात गेलेला असतो, शेजाऱ्यांना आडनावापलीकडे माहिती नसते. मग रकान्यात तीनपैकी एकच शेरा पडतो : हयात, मृत, किंवा ठावठिकाणा नाही. तिसऱ्या शेऱ्याच्या रुग्णांना हयात धरले तर प्रमाण वाढते. ते सापडेनासे झाले त्या तारखेपर्यंतच मोजले तरी, आजार बळावल्यामुळेच ते उपचार सोडून गावी परतले असतील तर, प्रमाण खऱ्यापेक्षा जास्तच येते.