जन्म ब्रिटनमधला, नोंद स्थलांतरितांत

ब्रिटनमधील स्थलांतरितांच्या मुलांना ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली पिढी’ म्हणण्याची सवय इतकी रुळली आहे, की हा पेच घरातल्या भाषेइतकाच सरकारी कागदांनीही निर्माण केला, हे सहसा कोणी सांगत नाही.

१९४८च्या राष्ट्रीयत्व कायद्यामुळे राष्ट्रकुलातील नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन राहता येत असे. १९६२च्या कायद्याने कामगारांच्या येण्यावर बंधने घातली, मात्र आधीच आलेल्यांच्या बायकामुलांना वाट मोकळी ठेवली. दार बंद होण्याच्या धास्तीने एकट्याने राहणाऱ्या पुरुषांनी कुटुंबे बोलावून घेतली आणि चार पैसे गाठीला बांधून परतण्याचा बेत मागे पडला.

पश्चिम लंडनमधील साउथॉलमध्ये पंजाबी मुलांची संख्या वाढली, तेव्हा गोऱ्या पालकांनी तक्रारी सुरू केल्या. १९६५मध्ये शिक्षण खात्याने परिपत्रक काढून कोणत्याही शाळेत स्थलांतरित मुले सुमारे एक तृतीयांशाहून अधिक नसावीत, असे सुचवले. उरलेल्या मुलांना बसने दूरच्या शाळांत नेले जाऊ लागले. शाळा सुटताच परतीची बस निघत असल्याने वर्गमित्रांबरोबर मैदानावर रेंगाळण्याची सोय नव्हती, आणि मूल आजारी पडले तर आई चालत पोहोचेल इतक्या अंतरावर ती शाळा नसे. कारण इंग्रजी शिकवण्याचे सांगितले जाई, पण चांगले इंग्रजी बोलणारी मुलेही त्याच बसमध्ये असत. तेव्हा निवड भाषेवरून होत होती की कातडीच्या रंगावरून, हे वेगळे सांगायला नको. त्या काळच्या शालेय आकडेवारीतील व्याख्या तर अधिकच बोलकी आहे: आईवडील ब्रिटनमध्ये येऊन दहा वर्षे झाली नसतील, तर ब्रिटनमध्येच जन्मलेले मूलही ‘स्थलांतरित’ गणले जाई.

पुढे हीच पिढी रस्त्यावर उतरली. ४ जून १९७६ रोजी साउथॉलमध्ये अठरा वर्षांच्या गुरदीपसिंग चग्गरचा गोऱ्या तरुणांच्या टोळीने खून केला. ज्येष्ठांच्या अर्जविनंत्यांना कंटाळलेल्या तरुणांनी ‘साउथॉल यूथ मूव्हमेंट’ ही संघटना उभारली. आईवडिलांना परतीची वाट तरी होती. या मुलांना परत जायला दुसरे गाव नव्हते, आणि म्हणूनच ‘आम्ही इथेच राहणार’ ही त्यांची घोषणा विनंतीची उरली नाही. त्या काळी अनेक आशियाई तरुण कृष्णवर्णीयांशी एकजूट म्हणून स्वतःलाही ‘ब्लॅक’ म्हणवत. १९७९मध्ये स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या महिला संघटनेच्या नावात त्या एकजुटीची खूण आजही आहे.

कायद्याने मात्र जन्मभूमीचा आधारच काढून घेतला. १९८१चा राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९८३पासून लागू झाला आणि ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाला आपोआप मिळणारे नागरिकत्व आई किंवा वडील ब्रिटिश अथवा कायम रहिवासी असण्यावर अवलंबून राहिले. ज्यांना हे नागरिकत्व मिळाले, त्यांचीही परीक्षा संपली नाही. १९९०मध्ये हुजूर पक्षाचे नॉर्मन टेबिट यांनी आशियाई लोक क्रिकेटमध्ये कोणत्या संघाला पाठिंबा देतात, ही निष्ठेची कसोटी ठरवली.

जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न प्रथम १९९१मध्ये आला. त्यात ‘भारतीय’, ‘पाकिस्तानी’, ‘बांगलादेशी’ असे रकाने होते, पण स्वतःला ब्रिटिश म्हणवण्याची जागा नव्हती. राष्ट्रीय ओळखीचा स्वतंत्र प्रश्न इंग्लंड व वेल्समध्ये २०११मध्ये आला. साउथॉलच्या त्या बसमधून शाळेत गेलेली मुले तोवर पन्नाशीच्या आसपास पोहोचली होती.